दार धरतेस का?

वर्तमानपत्राच्या कचेरीत जेवढं छापून येतं त्याच्या कितीतरी पट न छापलेलं साठत जातं. छापलेलं दुसऱ्या दिवशी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीभोवती गुंडाळलं जातं. न छापलेल्याला असं कुणी घेऊन जात नाही. कुणाच्या निरोप समारंभात, कुणाच्या मुलीच्या लग्नात ते बाहेर निघतं, हसून होतं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसतं.

मी बत्तीस वर्षं महापालिकेच्या बातम्या करते आहे. महापालिकेचे माझे किस्से ऐकून मित्रमंडळी कंटाळली. हे आमच्या कचेरीतले आहेत. आजवर मी ते हसत सांगत आले. हल्ली सांगायला लागले की हसण्याआधी राग येतो. पण राग आला तरी किस्सा नीट सांगावा, एवढं शिक्षण मला याच कचेरीने दिलं आहे.

माणसं चार-पाचच आहेत. शुभदा, क्राइम रिपोर्टर, कर्वेनगरला राहते. सुधीर वानखेडे, राजकारण बघतो, मूळचा वर्ध्याचा. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली तरी त्याचं 'करून राहिलो' सुटलं नाही. जोशी, डेस्कवरचे सर्वांत जुने उपसंपादक, कसब्यातले. त्यांच्या लाल पेनाला अख्खी कचेरी वचकून असते. आणि साहेब, म्हणजे आमचे संपादक.

आमचे चीफ रिपोर्टर निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची शुभदाला मिळणार की सुधीरला, एवढाच प्रश्न होता. दोघं एकाच वर्षी लागलेले, दोघंही लायक. दोघांनाही ती खुर्ची हवी होती, आणि तसं कुणी लपवतही नव्हतं.

*

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच, आणि त्याची कडी सहा वर्षं तुटलेली. त्या सहा वर्षांत मी शहरातल्या स्वच्छतागृहांच्या दुरवस्थेवर दोन लेखमाला लिहिल्या. पहिली संपल्यावर साहेबांनी मीटिंगमध्ये शाबासकी दिली. मी म्हटलं, "शाबासकी राहू द्या, कडी द्या." साहेब हसले. माणूस वाईट नाही, सगळं ऐकून घेतो. ऐकून घेतलं की काम झालं, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे.

कडी नाही म्हणून आत जाणारीला बाहेर दार धरणारी एक लागायची. "दार धरतेस का?" असं कुणी विचारलं की दुसरीने हातातलं टाकून उठायचं. मग बातमी अर्धी राहिलेली असो की फोनवर आयुक्त असोत.

हळूहळू लक्षात आलं की आत गेलेली बाई कधी कधी नुसताच नळ सोडून ठेवते. आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग बाहेरचीनेही काही गोष्टी पाळायच्या ठरल्या. म्हणजे कुणी ठरवल्या नाहीत, त्या पडत गेल्या. तळहात दारावर ठेवायचा. आतली बाहेर आली की तिच्या तोंडाकडे लगेच बघायचं नाही. आणि आत कोण आहे हे कुणालाही सांगायचं नाही.

जाहिरात विभागात एक नवी मुलगी लागली होती. तिसऱ्याच दिवशी माझ्या टेबलापाशी आली. "ताई, जरा दार धरता का?" मी उठले. नळ बराच वेळ चालू होता. शेवटी ती बाहेर आली आणि म्हणाली, "सॉरी ताई, फार वेळ लागला."

मी म्हटलं, "पहिल्यांदा लागतो."

*

शुभदाला साहेब 'जरा घाबरट' म्हणायचे. कारण ती प्रत्येक नाव दोनदा तपासते.

एकदा भर दुपारी महामार्गावर मोठा अपघात झाला. मृतांची यादी आली. वेबसाइटची माणसं शुभदाच्या टेबलाभोवती गोळा झाली. "मॅडम, सगळ्यांनी टाकलं. आपणच राहिलो." साहेब केबिनच्या दारात उभे. मी शेजारीच बसते. शुभदा यादीवर बोट ठेवून एकेक नाव पुन्हा वाचत होती.

ती म्हणाली, "यातलं एक नाव मला पटत नाही. जखमींच्या यादीतही तेच आडनाव आहे. भाऊ असतील तर अदलाबदल झाली असेल."

"यादी अधिकृत आहे," साहेब म्हणाले. "एवढं टेन्शन नका घेऊ. टाका."

शुभदा उठली. मला म्हणाली, "ताई, दार धरता?"

मागून वेबवाल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, "झालं. गेल्या मॅडम रडायला." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी तळहात दारावर ठेवून उभी राहिले. नळाचा आवाज आलाच नाही. शुभदाचा आवाज आला. "सिस्टर, वॉर्डातल्या पेशंटला नाव विचारा. हो, त्यालाच विचारा. केसपेपर नका वाचू."

अख्ख्या कचेरीत फोनवरचं नीट ऐकू येईल अशी तेवढी एकच जागा होती.

दुसऱ्या दिवशी इतर सगळीकडे तो माणूस वारला होता. आमच्या अंकात तो जिवंत होता. आणि दवाखान्यातही.

*

पुरुषांच्या स्वच्छतागृहाला दोन कड्या होत्या, एक वर आणि एक खाली. तिथे कुणी नळ सोडून ठेवल्याचं ऐकिवात नाही. पुरुष जिना उतरून टपरीवर जायचे. "चहा घेऊन येतो" म्हटलं की कुणी काही विचारत नाही, हा त्यांचा नियम.

एका दुपारी सुधीर पाच वेळा खाली जाऊन आला. सहाव्यांदा निघाला तेव्हा मी म्हटलं, "अरे, एवढा चहा? पोटाचं काय होईल?"

"चहा कुठे पिऊन राहिलो ताई," तो म्हणाला. "नुसता उभा राहतो."

त्याच सुमारास शुभदाने मीटिंगमध्ये आवाज चढवला. तिने आठवडाभर खपून आणलेली बातमी तिच्या नावाशिवाय लागली होती. मीटिंग संपल्यावर साहेबांनी तिला बाजूला घेऊन अगदी हळुवारपणे विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

महिन्याभराने सुधीरने फोन टेबलावर आपटला. काच तडकली. साहेब म्हणाले, "प्रेशर आहे बिचाऱ्यावर. कामाची एवढी आच कुणाला असते आजकाल?"

मला राहवलं नाही. भर मीटिंगमध्ये उठले आणि साहेबांच्याच सुरात विचारलं, "सुधीर, घरी सगळं ठीक ना?"

सगळे हसले. जोशी तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. सुधीरही हसला. माझा टोमणा नेमका बसला म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. तडकलेला फोन हातात. "ताई, बाबांना पॅरालिसिस झाला. दोन महिने झाले. तुम्ही विचारलं म्हणून सांगून राहिलो."

मी म्हटलं, "अरे, मी टोमणा मारला होता."

"माहिती आहे ना," तो म्हणाला. "पण विचारलं तर तुम्हीच."

*

बाबांसाठी त्याने आठ दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, "निवडणूक तोंडावर आहे हो. वहिनींना पाठवा ना वर्ध्याला." वहिनी बँकेत नोकरीला आहेत, हे साहेबांना माहीत होतं. सुधीरने अर्ज परत घेतला.

त्याच आठवड्यात शुभदाने मुलीच्या दहावीसाठी चार दिवस मागितले. साहेबांनी अर्ज न वाचताच सही केली. "अशा वेळी आईच लागते," म्हणाले.

मुलीचे राहिलेले दोन्ही पेपर गणिताचे होते. शुभदाचा नवरा गणिताचा शिक्षक आहे. रजा मात्र त्याच्या मुख्याध्यापकांनी नाकारली होती. "मिसेस आहेत ना घरी?" असं विचारून.

जोशी म्हणाले, "म्हणजे ज्याला जायचं होतं त्याला पाठवलं नाही, आणि जिची गरज नव्हती तिला घरी बसवलं. उत्तम नियोजन."

*

मग आमच्याकडे एचआर आलं. एचआर म्हणजे रिया, पंचविशीतली, मनापासून काम करणारी मुलगी. तिने आल्या आल्या ताणतणावाची पाहणी काढली. प्रत्येकाला एक फॉर्म. वर ठळक अक्षरांत सूचना: 'नाव लिहू नये.' खाली प्रश्न: 'आपल्याला कामाचा ताण जाणवतो का? मोकळेपणाने लिहा.'

आयुष्यभर बातमीवर नाव यावं म्हणून भांडलेल्या माणसांना नाव लिहू नका सांगितलं की काय होतं? निम्म्यांनी सवयीने फॉर्मच्या माथ्यावर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं लिहिलं. क्रीडा विभागातल्याने 'क्रीडा प्रतिनिधी' लिहिलं; क्रीडा विभागात एकच माणूस आहे. उरलेल्यांची अक्षरं जोशी डोळे मिटून ओळखतात.

पुरुषांचे सगळे फॉर्म सारखेच निघाले. 'नाही.' सुधीरने थोडं जास्त लिहिलं होतं. 'ताण नाही. काम आवडते.'

शुभदाने पानभर लिहिलं. ते पान मी नंतर पाहिलं, म्हणून सांगू शकते. सुरुवात अशी होती: 'मला कामाचा ताण येतो. कधी कधी रडूही येतं.' आणि पुढे: 'पण त्यामुळे काम अडलेलं नाही. ताण येतो म्हणूनच मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. मोठी जबाबदारी मिळाली तर मला हवी आहे, आणि ती मला पेलेल.'

रियाला सगळे फॉर्म टाइप करून हवे होते. मराठी भराभर टाइप करणार कोण? डेस्क. डेस्क म्हणजे जोशी. रियाने दिलेल्या तक्त्यात प्रत्येक उत्तराला दोन ओळींची जागा होती.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. बातमीत महत्त्वाचं असेल ते सुरुवातीला लिहायचं. मग जागा कमी पडली की उपसंपादक मागचापुढचा विचार न करता खालून कापत येतो. जोशींनी चौतीस वर्षं हेच केलं. शुभदाचं पान हातात आलं, दोन ओळींची जागा दिसली, लाल पेन खालून वर सरकलं आणि दुसऱ्या वाक्याच्या पूर्णविरामापाशी थांबलं.

तक्त्यात गेलं ते एवढंच: 'मला कामाचा ताण येतो. कधी कधी रडूही येतं.'

*

पाहणीचाच भाग म्हणून एका दुपारी मीटिंगच्या खोलीत रक्तदाब तपासायला एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, कामाला चोख. एका वेळी तिघांना आत घ्यायचं, बाकीच्यांनी बाहेर रांगेत थांबायचं. आत सुधीर, मग शुभदा, मग मी.

सिस्टरनी सुधीरच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला. पट्टा सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा बघितलं. "मशीन बिघडलं वाटतं," त्या म्हणाल्या. "थांबा हं, दुसऱ्या कुणाचं तरी घेऊन बघते. मॅडम, तुम्ही या."

शुभदाने हात पुढे केला. तिचा अगदी व्यवस्थित निघाला.

"मशीन बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या आणि सुधीरकडे बघत राहिल्या. "अहो, तुम्ही जिना चढून आलात की काय आत्ता?"

"सकाळी चढलो ना," सुधीर म्हणाला.

"आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ढकललं. "काय, किती वेळ?" शुभदा उठली, दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. "थांबा जरा. मशीनचं काहीतरी झालंय."

सुधीर खाली बघत म्हणाला, "कोणाला सांगू नका ना. सध्या ते खुर्चीचं चालू आहे."

हे तो कुणाला सांगत होता? त्या खुर्चीवर हक्क सांगणाऱ्या कचेरीतल्या एकमेव दुसऱ्या माणसाला.

शुभदा म्हणाली, "पाणी पी. मग माझ्या स्कूटरवरून डॉक्टरांकडे जाऊ. नाही सांगत."

त्या संध्याकाळपासून त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीचं पाकीट शुभदाच्या टेबलाच्या खणात असायचं, कारण सुधीरच्या खणात सगळे हात घालतात.

*

पंधरा दिवसांनी रियाने मीटिंगमध्ये निष्कर्ष मांडले. भिंतीवर रंगीत चित्रं, खाली फॉर्ममधली काही वाक्यं. "तर, फीमेल स्टाफमध्ये वर्क स्ट्रेस बराच जास्त आहे. मेल स्टाफमध्ये ऑलमोस्ट नाहीच." मग उपाय. सकाळी साडेसातला महिलांसाठी योगवर्ग. आणि महिला सहकाऱ्यांवर जास्तीची जबाबदारी टाकू नये, अशी शिफारस.

मी उठले. "साडेसातला बायकांनी योगासनं केली तर डबे कोण भरणार?"

"मॅम, टाइम मॅनेजमेंटचं पण एक सेशन ठेवता येईल," रिया म्हणाली.

"आणि एवढ्या पुरुषांत एकालाही ताण नाही?"

"डेटामध्ये नाही आला, मॅम."

"बाळ, हा डेटा नाही, कबुलीजबाब आहे. ज्यांनी कबूल केलं त्यांना शिक्षा, ज्यांनी केलं नाही ते निर्दोष."

साहेब म्हणाले, "अहो ताई, शिक्षा कसली? काळजी घेतोय आपण."

"काळजी घ्यायची तर सगळ्यांची घ्या. सांगू का साहेब, याच खोलीत त्या दिवशी..."

समोरून शुभदाने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सुधीर टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल नखाने सोलत होता. मी खाली बसले. बत्तीस वर्षांत मीटिंगमध्ये वाक्य अर्धवट सोडलं ते तेवढं एकच.

नंतर जिन्यात मी तिला गाठलं. "एक वाक्य बोलू दिलं असतंस तर खुर्ची तुझी होती."

"आतलं बाहेर सांगायचं नाही, ताई."

"ते आपल्या दारापुरतं."

"त्या दिवशी दाराशी कोण उभं होतं?" ती म्हणाली. "मीच ना?"

मला तिचा राग आला. अजूनही कधी कधी येतो. तिचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. सांगायचं न सांगायचं हे तिने ठरवायचं होतं, एवढं मला कळतं.

*

रियाच्या तक्त्यातली शुभदाची दोन वाक्यं भिंतीवर पाहिली तेव्हा जोशींच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. ते जागेवर गेले, गठ्ठ्यातून मूळ फॉर्म काढला आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचला. मग तो माझ्यासमोर ठेवला. तिसऱ्या वाक्यापासून खाली लाल रेघ.

"ताई, मी माणूस कापला," ते म्हणाले. जोशींना मी इतक्या वर्षांत टिंगल सोडून दुसऱ्या सुरात बोलताना ऐकलं नव्हतं.

फॉर्म घेऊन ते साहेबांकडे गेले. म्हणाले, "चूक माझी आहे. दुरुस्ती करा." साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आता तो रिपोर्ट वर गेला हो. आणि तसं चुकीचं काय आहे त्यात? तिने लिहिलेलंच आहे ना ते?"

जोशी परत आले. खुर्चीत बसले. "एखाद्याचं आडनाव चुकलं तर आपण दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो," ते म्हणाले. "आतल्या पानावर का होईना, छापतो. हिची छापायला पानच नाही म्हणे."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा तासभर आधी आले. पिशवीत कसब्यातल्या दुकानातून आणलेली पितळी कडी, चार स्क्रू आणि पेचकस. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी ते गुडघे टेकून बसले. शुभदा आली तेव्हा कडी बसली होती.

"हे काय, जोशी सर?"

"दुरुस्ती," जोशी म्हणाले आणि पेचकस खिशात घालून डेस्कवर गेले.

शुभदाने कडी लावून पाहिली, काढून पाहिली. छान बसली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तरीपण धराल का?"

*

निर्णय कळला तो दिवस. साधारण तीनला साहेबांनी शुभदाला केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटांत ती बाहेर आली, जागेवर बसली, कीबोर्ड पुढे ओढला.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"सुधीरला देतायत. माझ्या भल्यासाठीच आहे म्हणाले. मला आणखी ताण नको."

"दार धरू?"

"नको ताई. बातमी राहिली आहे." आणि ती खरंच लिहायला लागली. समोरच्या कागदावरचं एक नाव तिने फोन करून तपासलं. मग पुन्हा दुसरीकडे फोन करून तेच नाव तपासलं.

तेवढ्यात सुधीर त्याच्या टेबलावरून उठला. नुकताच त्याला फोन आला होता, आणि तो फोन कानापासून खाली आणायचंही त्याला सुचलं नव्हतं. वर्ध्याहून होता की आणखी कुठून, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तो जिन्याकडे वळला. मला वाटलं, टपरीवर चालला. दोन पायऱ्या उतरला, थांबला आणि परत आला. शुभदाच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"शुभदा," तो म्हणाला, "दार धरते का जरा?"

कीबोर्डांचे आवाज थांबले. त्या मजल्यावर हे शब्द पुरुषाच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते.

शुभदा उठली. वाक्य अर्धं राहिलं होतं, ते तसंच ठेवलं. कॉरिडॉरच्या टोकाला जुन्या अंकांची खोली आहे. तिचं दार लावलं तरी आपोआप उघडतं. सुधीर आत गेला. शुभदाने दार ओढून घेतलं आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

पाच मिनिटांनी साहेब केबिनमधून बाहेर आले. हातात पाकीट. "वानखेडे कुठे आहेत? पत्र तयार आहे त्यांचं. पेढे सांगा कुणीतरी."

जोशी समोरच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "चहाला गेले असतील."

साहेब खिडकीपाशी गेले, वाकून टपरीकडे पाहिलं. मग कॉरिडॉरमध्ये वळले. मी उठून त्यांच्या मागे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही.

शुभदा तिथेच उभी होती.

"अहो, तुम्ही इथे काय करताय? वानखेडेंना पाहिलंत का?" साहेबांनी विचारलं. मग त्यांचं लक्ष बंद दाराकडे गेलं. "आत कोण आहे?"

शुभदाने दारावरचा हात काढला नाही.

"ते आम्ही सांगत नाही, साहेब," ती म्हणाली.